लाल ठिपका

रविवारी साडेदहाला मी खिडकीपाशी तिपाई मांडतो.
एका पायाखाली जुनं स्तोत्रपुस्तक घालावं लागतं,
कारण आमच्या चर्चची लाकडी जमीन
समुद्राकडे कलते, गावासारखीच.

गनेट कोव्ह. न्यूफाउंडलंडचं एक टोक.
बाक चोवीस, माणसं नऊ.
मासळीचा कारखाना बंद झाला तेव्हा
मी एकोणतिशीत होतो, हातात सुरी होती.
आता एकसष्ट, आणि हातात फोन.

बिशपच्या कचेरीतली एक मुलगी
आठवडाभर पडद्यावरून शिकवत होती.
म्हणाली, पहिल्या तीन सेकंदांत गळ लागला पाहिजे.
मी म्हटलं, पोरी, आमच्याकडे गळ टाकून
माणूस जेवणवेळ होईस्तोवर बसतो
आणि रिकाम्या हातानं घरी येऊन वाऱ्याला शिव्या देतो.
तिनं ते लिहून घेतलं. मग पुढचं पान:
चेहरा जवळ, उजेड समोरून, वाक्य आखूड,
आणि प्रश्न विचारा, उत्तर द्यावंसं वाटेल असा.

विचारला.
'आज तुम्ही कशासाठी आभारी आहात?'
मागे सूर्यास्त, वर पांढरी अक्षरं.
चार अंगठे आले. त्यातला एक माझ्या बायकोचा,
ती पलीकडच्या खोलीत मोजे विणत होती.

पाळकबाईंकडे पाच गावं, आमची पाळी तिसऱ्या रविवारी.
एरवी थर्झा कीपिंग वाचते,
चष्मा विसरली तर पाठ म्हणते,
आणि मध्येच एखादं वचन गाळते, मुद्दाम, असा मला संशय आहे.

मार्चमधल्या एका रविवारी आशीर्वाद झाला,
मी बर्फ उपसायला बाहेर गेलो
आणि लाल ठिपका विझवायचा राहिला.

आत थर्झानं फडकं घेतलं.
एकेक बाक पुसत चालली, आणि बोलत,
कुणाशी नाही, बाकांशीच:
हा बफेटांचा. काय खोकायचे रे, बापलेक दोघं.
हा एलवुडचा. होडी आली, तो नाही आला.
इथे मॉडनं नवी टोपी घातली
आणि मागच्यांना वेदी दिसेना.
तेवीस मिनिटं. शेवटच्या बाकाशी ती नाक शिंकरली
आणि दिवे घालवून गेली.
फोन तसाच अंधार दाखवत राहिला.

तिकडे अल्बर्टात तेव्हा सकाळचे साडेआठ.
तेलखाणीच्या छावणीत रात्रपाळी सुटलेली.
तीनशे बारा माणसं अंधाराकडे बघत होती.

बिशपच्या मुलीचा फोन आला, आनंदानं धाप लागलेली:
दर रविवारी करा! मालिका करा! तिला नाव देऊ!
मी थर्झाच्या दारात गेलो.
ती बटाटे सोलत होती. विचारलं,
तू रविवारी बाक पुसतेस ना, तेव्हा...
'तेव्हा काय?'
तेव्हा दार ओढून घेत जा, म्हटलं, वारा येतो.

पुढच्या रविवारी आशीर्वादाच्या शेवटच्या शब्दाला
मी ठिपका विझवला. दोनदा तपासला.
मग खाली आलेले निरोप वाचत बसलो.
रडकी चित्रं, हृदयं, तीनशेएक हात जोडलेले,
आणि मध्येच सेल्विन हॉडर, ज्याला मी
मासे कापायला शिकवलं होतं, वाईट शिकला होता:
'डावीकडचा सहावा बाक. खालून हात घाला.
माझं नाव कोरलेलं आहे का अजून?'

गुडघे कुरकुरले. हात घातला.
वाळलेलं च्युइंगम, कोळ्याचं जाळं, मग स, मग ल,
पुढे चाकू घसरलेला.
लिहिलं: आहे.

बराच वेळ काही नाही.
मग पडद्यावर तीन ठिपके नाचले:
'आणि कडेचा खिळा? पँट अडकायची त्याला.
आई दर सोमवारी शिवायची.'

चर्चमध्ये कुणी नव्हतं.
मी सरकत कडेला जाऊन बसलो, मग उठलो.
अडकते.